चाळ जमिनीवर ठेवू नका, जमिनीत रोवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गिरणगावातली एक दुमजली चाळ १:७२ प्रमाणात बनवली आहे. लाकडी गॅलऱ्या, मंगळुरी कौलं, काळ्या दगडाचं जोतं. इमारत मनासारखी झाली, पण बेसवर ठेवली की खेळणं वाटते. अंगण, रस्ता, झाड आणि ऑगस्टमधलं पावसाचं पाणी खरं वाटावं यासाठी काय करावं? शिवाय मुंबईच्या दमट हवेत प्लाय वाकतो आणि फेविकॉल वाळता वाळत नाही, त्यावर उपाय काय?

फोटो बघून सांगतो, चाळीला हातही लावू नका. कठडे, कौलांच्या रांगा, दारांचा उडालेला रंग, सगळं छान उतरलंय. घोटाळा जमिनीत आहे. जोत्याखाली केसभर फट दिसते, अंगण पाणसळीत सपाट आहे, सगळ्या मातीला एकच तपकिरी रंग आहे आणि डबकं निळं आहे. ही चार वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच: या जमिनीवर कधी पाऊस पडलाय असं वाटत नाही.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथली माती, भिंत, रस्ता, गटार यांचं रूप त्या पाण्याने ठरतं. म्हणून कुठलंही सामान आणण्याआधी कागदावर चाळीचा वरून नकाशा काढा आणि पेन्सिलीने बाण मारा. आढ्यावरून पाणी कौलांवर, कौलांवरून पन्हळीत, पन्हळीतून पाइपात, पाइपातून अंगणात, अंगणातून गटारात. पन्हळ कुठे फुटली आहे? पाइपाचा खालचा तुकडा गायब आहे का? अंगणात पाणी कुठे अडतं? शेवाळ, चिखल, डाग, गवत, डबकं यांतली प्रत्येक गोष्ट कुठे येणार हे त्या बाणांवरून ठरतं. हा नकाशा झाला की अर्धं काम झालं असं मी समजतो, कारण पुढे कुठेही ‘इथे थोडं हिरवं टाकू का’ असा प्रश्न पडत नाही.

नकाशावर दिशाही लिहा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे चाळीची पश्चिम आणि दक्षिण बाजू जास्त झोडपली जाते. तिकडे गिलावा जास्त उडालेला, काळे ओघळ जास्त. चारही भिंतींना सारखेच डाग दिले की डोळा लगेच फसवणूक ओळखतो, भले बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही.

आणि साल ठरवा. ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली. त्याआधीचा ट्रामचा रस्ता असेल तर रूळ हवेत. गिरणी कामगारांच्या संपाच्या आधीचं, म्हणजे १९८२पूर्वीचं गिरणगाव दाखवायचं असेल तर फुटपाथवर पेव्हर ब्लॉक नकोत, आणि गॅलरीला डिशच्या तबकड्याही नकोत.

आता बेस. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, मुंबईत वापरूच नका; कडेने पाणी पितो आणि फुगतो. १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. प्लाय वाकतो तो बहुतेकदा एकाच बाजूने ओला झाल्यामुळे. वरून आपण पाणी, फेविकॉल, प्लास्टर यांचा मारा करतो आणि खालची बाजू कोरी राहते. म्हणून काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या. कडा सर्वांत महत्त्वाच्या, आणि नेमक्या त्याच राहून जातात.

प्लायवर जमिनीचा थर म्हणून २५ मिलिमीटरची एक्सपीएस फोमची शीट चिकटवा. गच्चीच्या इन्सुलेशनसाठी वापरतात ती, टणक आणि बारीक पोताची. पाणी पीत नाही, ब्लेडने स्वच्छ कापली जाते, पेन्सिलीने दाबली तरी रेघ उमटते. थर्मोकोलचे दाणे सुटतात, कड कधीच धारदार येत नाही; सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदीही आहे. एक्सपीएसवर स्प्रे पेंट, थिनर किंवा उग्र वासाचा रबरी गोंद लावू नका, शीट विरघळते. आधी अॅक्रिलिक रंग आणि फेविकॉल मिसळून एक जाड हात द्या, मग बाकीचं.

चाळ बेसच्या कडेला समांतर ठेवू नका. दहा-पंधरा अंशांनी फिरवा आणि रस्ता कडेवर तिरपा कापला जाऊ द्या. त्यामुळे ही जागा बेसच्या बाहेरही पुढे चालू आहे असं वाटतं.

उतारांचं गणित छोटं आहे, पण ते करा. सात मीटर रुंद रस्ता १:७२मध्ये साधारण ९७ मिलिमीटर होतो. पाणी कडेला जावं म्हणून खरा रस्ता मध्ये उंच असतो; आपल्या प्रमाणात तो उंचवटा जेमतेम सव्वा मिलिमीटर येतो. फुटपाथचा कडेचा दगड १५ सेंटिमीटरचा, म्हणजे दोन मिलिमीटर. दहा मीटरच्या अंगणाला गटाराकडे दोनेक मिलिमीटर उतार. मी तो तीन करतो, डोळ्याला जाणवावा म्हणून. एवढ्याशा फरकाने काय होणार असं वाटेल. पण गुळगुळीत पॉलिश पेपर ठोकळ्यावर गुंडाळून एक्सपीएसला हा उतार द्या आणि दिवा बाजूने लावून बघा.

आता सर्वांत महत्त्वाची जागा: जोतं आणि जमीन जिथे भेटतात ती रेघ. चाळीचा बाह्याकार एक्सपीएसवर आखा आणि आतला भाग तीन मिलिमीटर खोल कोरून काढा. चाळ त्या खड्ड्यात बसली पाहिजे. पुढे ती काढता यावी असं वाटत असेल तर जोत्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळून, मग भोवती टाइल ग्राउट आणि फेविकॉलची घट्ट लापशी भरा आणि अर्धवट सुकल्यावर प्लॅस्टिक ओढून घ्या. फट राहत नाही आणि चाळही सुटी राहते.

त्या रेघेवर काय काय असतं ते एकदा लालबाग-काळाचौकीला एखाद्या जुन्या चाळीत उकिडवं बसून बघा. जिथे पन्हळ नाही किंवा फुटली आहे तिथे कौलांवरून पागोळ्या पडतात. त्या भिंतीला लागून पडत नाहीत. वळचण जेवढी पुढे आलेली असते तेवढ्या अंतरावर पडतात, म्हणजे दोन-अडीच फूट, आपल्या प्रमाणात आठ ते दहा मिलिमीटर. तिथे मातीत ओळीने बारीक खळगे पडलेले असतात, माती धुऊन जाऊन खडे उघडे पडलेले असतात. तोच थेंब चिखल उडवतो, आणि तो जोत्यावर फूट-दीड फुटापर्यंत चढतो: चार ते सहा मिलिमीटरचा मातकट पट्टा, खाली दाट, वर विरळ. पागोळ्यांची रेघ आणि भिंत यांच्या मधली पट्टी त्यामानाने कोरडी, तिथे चपला, कुंडी, सायकल. पाइप जिथे सुटतो तिथे मात्र शेवाळाचा गडद हिरवा पंखा, आणि त्याच्या मधोमध सतत धार पडून स्वच्छ झालेला दगड. हे सगळं १:७२मध्ये करायला एक टोकदार टूथपिक, तुटक्या केसांचा एक जुना ब्रश आणि तीन रंग पुरतात. एवढा एक सेंटिमीटर जमला तर बाकीचं अंगण साधं असलं तरी चालतं.

माती आणि रेतीच्या बाबतीत दाण्याचा आकार सांभाळा. हार्डवेअरच्या दुकानातल्या रेतीचा एक मिलिमीटरचा कण आपल्या प्रमाणात ७२ मिलिमीटरचा, म्हणजे मुठीएवढा दगड होतो. तुमच्या अंगणात सध्या तेच झालंय, सगळीकडे धोंडे. डांबरी रस्त्यातली १० मिलिमीटरची खडी इथे ०.१४ मिलिमीटर होते. ती दिसते म्हणण्यापेक्षा नुसती जाणवते. त्यामुळे रस्त्याला कोरडी ग्राउट पावडर, अंगणाला मलमलीतून गाळलेली विटेची पूड आणि मुरूम, आणि नेमक्या ठिकाणीच चार जाड खडे. नागदेवी स्ट्रीटला बारीक जाळीच्या चाळण्या मिळतात, एक घेऊन ठेवा. चौपाटीची वाळू आणू नका. तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि वर्षभराने पांढरी पूड होऊन वर येतं.

पूड चिकटवायची पद्धत: आधी जागेवर फेविकॉल ब्रशने पसरा, वरून पूड गाळा. मग स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन दुरून धुकं मारा, पूड भिजू द्या. त्यानंतर एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब हे मिश्रण ड्रॉपरने कडेकडेने सोडा. लिक्विडमुळे पाण्याचा ताण मोडतो आणि ते पुडीत मुरतं. नाहीतर थेंब वर गोळा होऊन राहतो आणि खड्डा पाडतो. फेविकॉलला बुरशी लागू नये म्हणून काही जण त्यात टाकणखार घालायला सांगतात. अजिबात घालू नका, मिश्रण रबरासारखं आकसतं आणि फुकट जातं.

रस्त्यावर मुंबई दिसायला हवी असेल तर खोदकाम दाखवा. केबल किंवा पाण्याच्या लाइनसाठी काढलेला चर आणि त्यावर ओबडधोबड भरलेलं थिगळ, मूळ रस्त्यापेक्षा गडद आणि किंचित खचलेलं. चेंबरचं झाकण कागदाच्या पंचने पातळ प्लॅस्टिकमधून काढा. त्याचा साधारण सहा मिलिमीटरचा गोल इथे सव्वा-दीड फुटाचा होतो. चौकात शहाबादी फरशी असेल तर दोन फुटी फरशी साडेआठ मिलिमीटरची. प्रत्येक फरशी रंगाने किंचित वेगळी, आणि एखाद-दुसरी मधून तडकलेली.

रंगात शुद्ध काळा आणि ट्यूबमधला निव्वळ तपकिरी वापरू नका. जुनं डांबर करडं असतं. गिरणगावची जमीन बरीचशी भरावाची. मुरमाचा पिवळट तपकिरी, विटेचा तांबूस, कोळशाचा करडा असं मिश्रण तिथे दिसतं. आधी सगळ्या जमिनीला गडद हात, मग त्यावर ठिकठिकाणी तीन-चार छटा ओल्यातच एकमेकींत मिसळून, वाळल्यावर पातळ वॉश, म्हणजे पाण्यासारखा रंग, आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात. गेरू, विटेची पूड, खडूची पूड कोरडी चोळली तर सुंदर दिसते. मात्र वरून वार्निश मारलं की ती गडद होते, म्हणून आधी तुकड्यावर बघून घ्या.

ऑगस्टचा देखावा आहे, तेव्हा रंगाइतकीच चकाकी सांभाळा. भिजलेली माती कोरडीपेक्षा गडद असते, पण चकाकत नाही. चकाकतं ते साचलेलं पाणी. मधली ओलसर जागा अर्धवट चमकते. मी आधी सगळ्यावर मॅट वार्निश मारतो, मग पाण्याच्या बाणांवरून सॅटिन ओढतो आणि डबक्याला, गटाराला, नुकत्याच भिजलेल्या फरशीलाच ग्लॉस देतो. सगळ्या बेसवर ग्लॉस मारला की देखावा ओला दिसत नाही, प्लॅस्टिकचा दिसतो.

डबक्यासाठी रेझिनची गरज नाही. पावसाळी डबक्याचा तळ दिसतच नाही, पाणी चहासारखं गढूळ असतं. उतार करतानाच बाणांच्या अडलेल्या जागी एक मिलिमीटर खोलगट भाग ठेवा. मध्ये मातकट करडा, कडेला जरा गडद आणि कडेबाहेर ओल पसरत गेलेली, असा रंग द्या. तो पूर्ण वाळला की ग्लॉस वार्निशचे चार-पाच पातळ हात, प्रत्येक वाळू देऊन. पाऊस सुरू आहे असं दाखवायचं असेल तर शेवटचा थर अॅक्रिलिक ग्लॉस जेलचा द्या आणि तो घट्ट व्हायला लागला की सुईच्या मागच्या टोकाने छोटी वर्तुळं उठवा, एकमेकांना छेदणारी, लहानमोठी. हवेतून पडणाऱ्या धारा मात्र दाखवू नका. दोऱ्याने किंवा प्लॅस्टिकच्या तारांनी केलेला पाऊस मला तरी कधी पटलेला नाही. पाइपातून सुटणारी धार चांगली जमते: पॉलिथिनवर पारदर्शक सिलिकॉनची रेघ ओढा, टूथपिकने उभी विंचरा, वाळली की सोलून लावा आणि तिच्यावर पांढऱ्याचा अगदी हलका ड्रायब्रश.

खोल गटार किंवा विहीर असेल आणि इपॉक्सी रेझिन वापरायचंच असेल, तर पाकिटावरचं प्रमाण वजनकाट्यावर मोजून, एका वेळी तीन मिलिमीटरच्या आत ओता. जुलैच्या हवेत त्याचा वरचा थर दुधट आणि चिकट राहू शकतो. शक्य असेल तर हे काम ऑक्टोबरवर ढकला, नाहीतर एसीच्या खोलीत करा. हातमोजे घाला, खिडकी उघडता येईल अशी जागा निवडा. प्लास्टर आणि एक्सपीएस घासताना मास्क लावाच.

झाड. तुमचं झाड चाळीच्या निम्म्याने आहे, आणि देखावा खेळणं वाटण्याचं हे दुसरं मोठं कारण. दुमजली चाळ आठेक मीटर, म्हणजे १११ मिलिमीटर. रस्त्यावरचा पंधरा मीटरचा पर्जन्यवृक्ष १:७२मध्ये २०८ मिलिमीटर होतो, आणि त्याचा पसारा उंचीहून जास्त. पूर्ण झाड बेसवर मावणार नाही. मग बुंधा कोपऱ्यात घ्या आणि फांद्या बेसच्या बाहेर जाऊ द्या, किंवा अंगणात शेवगा लावा. शेवगा सहा मीटरचा, ८३ मिलिमीटर. सडपातळ, विरळ पानांचा, चाळीच्या अंगणात सहज खपतो. जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारा पिळून सांगाडा करा, त्यावर फेविकॉल आणि भुशाचा लेप, मग रंग. पानांसाठी स्पंज अॅक्रिलिक रंगात बुडवून वाळवायचा आणि मिक्सरच्या जुन्या भांड्यात बारीक करायचा. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये. दोन-तीन हिरव्या छटा वेगवेगळ्या करून फांदीफांदीने लावा. गवताचंही तसंच: दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव उगवावं तसं एकसारखं गवत कुठल्याही चाळीत नसतं. भिंतीच्या कडेला, नळाजवळ, फुटक्या फरशीच्या सांध्यात झुपके द्या. सुतळीचे पिंजून रंगवलेले धागे पुरतात. जिथून माणसं चालतात ती वाट उघडी ठेवा. आणि कौलांच्या वर, भिंतीच्या भेगेत पिंपळाचं एक रोप हवंच.

छपरावरची निळी ताडपत्री टिश्यू पेपरची करा, साध्या कागदाची नको. कागदाची ०.१ मिलिमीटर जाडी इथे सात मिलिमीटरची होते. टिश्यू पातळ फेविकॉलमध्ये भिजवून कौलांवर पसरा, सुरकुत्या पडू द्या, वर चार विटा. वायरी दोऱ्याच्या केल्या तर दोऱ्याला मेण चोळा, नाहीतर त्याची लव दिसते.

दमट हवेबद्दल. पावसाळ्यात प्रत्येक थराला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो हे धरूनच चाला. प्लास्टर घट्ट झालं म्हणजे सुकलं असं नाही. हाताची मागची बाजू टेकवून बघा. थंड लागलं तर आत पाणी आहे. त्यावर रंग दिला की ओल कोंडते आणि बुरशीचे ठिपके वर येतात. पंख्याखाली ठेवा, उन्हात नको. भुसा, सुकी पानं, चहाची पूड असं सेंद्रिय सामान आधी तव्यावर मंद आचेवर कोरडं करा, थंड झाल्यावर रंगवा आणि वार्निशने बंद करा. खळ वापरू नका, झुरळं आणि कसर लागते. पूर्ण झालेला देखावा अॅक्रिलिकच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पेटीत डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या मॉडेलला मऊ करते.

नजरेला वळण लागावं म्हणून भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय सावकाश बघा. तिथे जुन्या मुंबईच्या जीवनाच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आणि देखावे आहेत. गावदेवीच्या मणिभवनमध्येही गांधीजींच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे छोटे देखावे मांडले आहेत. बीडीडी आणि खाजगी चाळी भराभर पाडल्या जात आहेत, तेव्हा जिथे जाल तिथे इमारतीबरोबर जमिनीचेही फोटो काढा, आणि शेजारी मापासाठी पट्टी ठेवा.

तुमचा सध्याचा बेस फेकू नका. चाळ उचला, निळं डबकं खरवडून काढा, जाड खडे ब्लेडने तासून टाका. वर नवा उतार देण्यासाठी ग्राउट आणि फेविकॉलचा थर पुरेल. चाळीची खाच मात्र कोरावीच लागेल. प्लाय किंचित वाकला आहे तो खालून दोन सागवानी पट्ट्या स्क्रूने आवळून सरळ होईल. आवळण्याआधी खालची बाजू सीलरने बंद करा. काम करताना मोबाइल उलटा धरून लेन्स जमिनीपासून २२ मिलिमीटरवर ठेवा आणि फोटो काढत राहा. ती १:७२मधल्या उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची आहे. वरून न दिसलेली प्रत्येक फट त्या फोटोत दिसेल. जोत्याची रेघ आणि पाइपाखालचा कोपरा झाला की त्याच उंचीवरून काढलेला फोटो पाठवा, म्हणजे झाडाची जागा ठरवता येईल.